जुनी गाडी सुरू झाली, पण हा आवाज कसला?

बारा-पंधरा वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली पद्मिनी एकदाची सुरू होते. घरातली मंडळी जमलेली असतात, कोणी नारळही आणलेला असतो, आणि पहिल्याच मिनिटात बॉनेटखालून टकटक ऐकू येते. मग सल्ल्यांचा पाऊस. शेजारी म्हणतात, टॅपेट असेल. पहिला मेकॅनिक म्हणतो, बेअरिंग गेलं. दुसरा क्षणभर कान देतो आणि ‘इंजिन उतरवावं लागेल’ असं सांगून मोकळा होतो.

नाशिकमध्ये जुन्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये आणि गावठाणातल्या वाड्यांच्या दरवाजामागे अशा गाड्या अजून आहेत. आजोबांची ‘डुक्कर’ फियाट, वडिलांची अँबॅसॅडर, शेतावरची महिंद्रा जीप. वारसांना गाडी मोडीत काढायची नसते, पण पहिल्याच आवाजाला घाबरून इंजिनावर मोठा खर्च करून बसतात. काही जण उलट करतात. ‘चालू द्या, तेल पोचलं की थांबेल’ म्हणत खरंच धोक्याचा असलेला आवाज घेऊन त्र्यंबकपर्यंत फेरी मारून येतात.

दिलासा एवढाच की ही इंजिनं साधी आहेत. पद्मिनीचं १०८९ सीसी आणि अँबॅसॅडरचं गाजलेलं १४८९ सीसी, दोन्ही चार सिलिंडरची, पुशरॉडवर चालणारी, कार्बोरेटर आणि पॉइंटवाली. त्यांच्या बहुतेक आवाजांचा उलगडा पाना, पक्कड, फिलर गेज आणि थोडा धीर एवढ्यावर होतो. मात्र सुरुवात गाडी सुरू करण्याच्या आधीपासून करावी लागते.

सेल्फ मारण्याआधी

नाशिकची हवा उभ्या गाडीला सोपी नाही. पावसाळ्यात दमटपणा, थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली आणि दुपारी कडक ऊन. या चढउतारात इंजिनाच्या आत ओल धरते. गाडी उभी केली तेव्हा ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तिथे बाहेरची हवा थेट आत जाते आणि रिंगा टेकलेल्या जागी गंजाचं कडं उमटतं. नीट झाकून ठेवली म्हणजे गाडी सुरक्षित, हा समज अमेरिकेतल्या टल्सा शहराला चांगलाच महागात पडला. तिथल्या लोकांनी १९५७ मध्ये नवीकोरी प्लायमाउथ बेल्व्हेडिअर काँक्रीटच्या खड्ड्यात पुरली आणि पुढच्या पिढीच्या सोयीसाठी सोबत पेट्रोलही ठेवलं. जून २००७ मध्ये झाकण उघडलं, तेव्हा आत पाणी शिरलेलं होतं आणि गाडी गंजून गेली होती.

म्हणून बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारू नका. आधी एवढं करा:

- ऑइलची पट्टी ओढून पाहा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. पातळी खुणेच्या वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलं असण्याची शक्यता मोठी. अशा पातळ ऑइलवर इंजिन फिरवलं, तर आज नसलेला बेअरिंगचा आवाज उद्या नक्की येईल. कसंही असलं तरी जुनं ऑइल आणि फिल्टर बदलाच.
- उंदरांचा शोध घ्या. एअर क्लीनर, पंख्याच्या मागची जागा आणि सायलेन्सरचं तोंड तपासा. पंख्याच्या पात्यात अडकलेलं वाळकं गवत फार भयानक आवाज करतं.
- टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा. जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर बसतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा नवा टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या.
- गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन हँडलने हळूहळू फिरवा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला विळखा घालू नका. उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो.
- टॅपेट कव्हर काढून कोणाला तरी हँडल फिरवायला सांगा आणि आठही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का, ते डोळ्यांनी पाहा. एखादा अडकलेला असेल तर तिथेच थांबा. सेल्फच्या जोरावर फिरवलंत तर पुशरॉड वाकेल, आणि मग जो खडखडाट होईल तो गाडीच्या वयाचा नसून तुमच्या घाईचा असेल.

हँडल हललंच नाही, तर इंजिन जाम आहे. अशा वेळी गाडी गिअरमध्ये टाकून जीपने ओढण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. गंजाला चिकटलेल्या रिंगा त्यात तुटतात आणि लायनरवर ओरखडे जातात. प्लगच्या भोकातून पातळ ऑइल सोडत काही दिवस थांबणं आणि रोज थोडं मागे-पुढे करून पाहणं हा कंटाळवाणा मार्गच स्वस्त पडतो.

पहिलं मिनिट ऑइलचं

इंजिन मोकळं फिरू लागलं की प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची बारीक वायर काढून सेल्फ मारा. दहा-दहा सेकंदांचे तुकडे करा, म्हणजे सेल्फ तापणार नाही. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत किंवा काटा हलेपर्यंत हे चालू ठेवा. वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या बेअरिंगना ठिणगी पडण्याआधी तेल मिळतं. अनेक गाड्यांचं पुढचं दुखणं इथेच टळतं.

मग प्लग बसवून गाडी उघड्यावर सुरू करा, बंद गॅरेजमध्ये नाही. हाताशी अग्निशामक ठेवा. दिवा पाच-दहा सेकंदांत विझला नाही तर गाडी लगेच बंद करा. रेस देऊन तेल ‘वर चढवण्याचा’ उद्योग करू नका.

दिवा विझला म्हणजे प्रेशर चांगलं आहे, असंही नाही. तो अगदी कमी प्रेशरलाही विझतो. आवाज येतच असेल तर दिव्याच्या स्विचच्या जागी साधं मेकॅनिकल गेज लावून घ्या. इंजिन गरम असताना दर १००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय हा जुना ठोकताळा आहे. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. इंजिन उघडायचं की नाही, या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे गेज देतं. गेज न लावता ‘बेअरिंग गेलं’ म्हणणाऱ्याला तुम्ही विनम्रपणे थांबवू शकता.

‘कुठून’ विचारण्याआधी ‘कधी’ विचारा

आवाज कुठून येतो, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. पण लोखंडाच्या एका ठोकळ्यात आवाज इकडून तिकडे सहज पसरतो आणि मागचा ठोका पुढे ऐकू येतो. कधी येतो, हे मात्र लपत नाही. थंड असताना येऊन गरम झाल्यावर जातो का, की उलट? रेस वाढवताना, सोडताना, की नुसत्या आयडलला? क्लच दाबल्यावर बदलतो का? ही उत्तरं कागदावर लिहून गॅरेजला जा. फोनवर आवाज टिपून पाठवण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण खालच्या पट्टीतला धपधप आवाज, म्हणजे नेमका धोक्याचा, फोनच्या चिमुकल्या माइकमध्ये जवळजवळ हरवतो आणि निरुपद्रवी टिकटिक ठळक होते.

लय ओळखण्यासाठी गॅरेजमधली टायमिंग लाइट कामी येते. ती पहिल्या प्लगच्या वायरला लावली की क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा चमकते. आवाज त्या चमकेच्या लयीत असेल तर तो कॅमच्या बाजूचा: टॅपेट, पुशरॉड किंवा कॅमवर चालणारा पेट्रोल पंप. चमकेच्या दुप्पट लयीत असेल तर संशय क्रँक आणि कनेक्टिंग रॉडकडे जातो.

जागा शोधायची असेल तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. बाही, ओढणी, मफलर पंख्यापासून लांब.

बेल्ट काढा, मग बोला

सर्वांत स्वस्त चाचणी सर्वांत आधी. फॅन बेल्ट काढा आणि गाडी अर्धा मिनिट चालवा, त्याहून जास्त नाही, कारण तेवढा वेळ पाणी फिरत नसतं. घरघर किंवा किरकिर बंद झाली तर दोष वॉटर पंप, डायनामो किंवा पंख्यात आहे. इंजिनाला हात लावायची गरज नाही. उभ्या गाडीत वॉटर पंप आणि डायनामोच्या बेअरिंगचं ग्रीस सुकणं हा अगदी नेहमीचा प्रकार.

बाहेरचे आणखी काही सोंगाडे असे:

- मॅनिफोल्डची गॅस्केट: थंड असताना टिकटिक किंवा फुसफुस, गरम झाल्यावर कमी. हुबेहूब टॅपेटसारखा आवाज. सुरुवातीच्या मिनिटाला सायलेन्सरच्या तोंडाशी चिंधी धरली की फुसफुस वाढते आणि काळ्या काजळीची रेघ दिसते.
- सैल प्लग: फटफट आवाज आणि प्लगभोवती तेलकट काळेपणा.
- पेट्रोल पंप: कॅमच्या लयीत ठणठण. स्क्रू-ड्रायव्हर पंपावर टेकवताच कळतो.
- इंजिन फाउंडेशन: रबर कडक होऊन तडकतं आणि इंजिन बॉडीवर आपटतं. क्लच सोडताना किंवा बंद करताना धडक ऐकू येते.
- क्लच: पायडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. दोन्हींचा इंजिनाशी संबंध नाही.

आतले आवाज

बाहेरचं सगळं निर्दोष ठरलं तरच आत वळा. वरच्या भागातली कोरडी टिकटिक बहुतेकदा टॅपेटची असते. फिलर गेजने मॅन्युअलप्रमाणे गॅप बसवला की बहुतेकदा थांबते. तरी एकच टॅपेट वाजत राहिला तर पुशरॉड सरळ आहे का आणि रॉकरचं टोक झिजून खड्डा पडला आहे का, ते पाहा. खड्डा असेल तर फिलर गेज चुकीचा गॅप दाखवतो.

पुढच्या बाजूला, रेस सोडताना साखळी ओढल्यासारखी खळखळ आली तर टायमिंग चेन सैल आहे. काम मध्यम खर्चाचं. इंजिन उतरवायला लागतंच असं नाही.

चढावर किंवा जोरात रेस दिल्यावर काचेच्या गोट्यांसारखा कडकड आवाज येत असेल, तर आधी टायमिंग तपासा. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं गंजून अडकली की ठिणगी चुकीच्या वेळी पडते. कित्येकदा एवढ्यावर भागतं.

आता खरे भीतीचे आवाज. इथे प्लग मारून पाहण्याची जुनी रीत वापरतात: इन्सुलेशनच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून तिचं टोक बॉडीला टेकवायचं, म्हणजे तो सिलिंडर काम थांबवतो. पॉइंटवाल्या गाडीलाच हे करा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर मॉड्यूल जळू शकतं.

कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलं असेल तर ठक्-ठक् असा टणक ठोका मधल्या रेसला, विशेषतः पाय सैल सोडताना स्पष्ट होतो आणि तो सिलिंडर मारताच मवाळ पडतो. मेन बेअरिंगचा आवाज त्याहून खोल, पोटातून आल्यासारखा धप्प. तो लोडवर वाढतो, एका सिलिंडरने फारसा बदलत नाही आणि सोबत ऑइल प्रेशर हमखास कमी असतं. यातलं काहीही निघालं तर गाडी त्याच क्षणी बंद. पुढचा किलोमीटर क्रँकच्या जिवावर असतो.

पिस्टनचा पोकळ खडखडाट वेगळा. थंडीच्या सकाळी येतो, दहा मिनिटांत इंजिन तापलं की जातो. जुन्या बोअरमध्ये पिस्टन किंचित सैल असल्याचं ते लक्षण. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये साधारण सारखं असेल, दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसेल आणि निळा धूर नसेल, तर वर्षाला काहीशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचं त्यासाठी बोअर करणं ही उधळपट्टी.

गॅरेजमध्ये आवाजालाच सगळे घाबरतात, पण एक आवाज गप्प झाला तर त्याची काळजी जास्त करायला हवी. भारतात फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसं नसलेलंच पेट्रोल मिळू लागलं. अँबॅसॅडरचं हेड बिडाचं, आणि त्यातली एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट शिशाविना हळूहळू खाली बसत जाते. सीट खचली की टॅपेटचा गॅप कमी होतो, टिकटिक थांबते आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. म्हणून हलकी टिकटिक असू द्या, आणि गॅप वारंवार कमी होत असेल तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या.

डिझेल गाडी असेल तर

डिझेल अँबॅसॅडर किंवा जीपमध्ये रॉडसारखा वाटणारा ठोका पुष्कळदा टपकणाऱ्या नोझलचा असतो. आयडलला एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल केला की तो सिलिंडर बंद पडतो. हे काम सराईत हातांनीच करावं, कारण प्रेशरने उडणारं डिझेल कातडी भेदून आत जातं. आवाज करणारा सिलिंडर सापडला की त्याचा इंजेक्टर शेजारच्याशी बदला. आवाज इंजेक्टरबरोबर सरकला तर नोझल दोषी. नाशिकचा मायको सर्कल ज्या कंपनीच्या नावाने ओळखला जातो, तिचा, म्हणजे आजच्या बॉशचा, सातपूरचा कारखाना नोझल आणि इंजेक्टरसाठीच प्रसिद्ध आहे. त्यामुळे या शहरात डिझेल पंप आणि नोझल तपासणारे हात परके नाहीत.

इंजिन उघडायचं ठरलं तर

आधी चेंबर खाली उतरवून बेअरिंग पाहू द्या. संपूर्ण इंजिन उतरवणं ही त्यानंतरची पायरी. ऑइल फिल्टर कापून आत चमकदार कण आहेत का, ते पाहा. क्रँक ग्राइंडिंगला जाणार असेल तर मायक्रोमीटरची मापं लिहून मागा: प्रत्येक जर्नलचं माप, अंडाकृती झिजेचं माप आणि कोणत्या अंडरसाइजला जायचं ते. सातपूर-अंबडच्या वसाहतींमुळे मापात काम करणारी मशिन शॉप नाशिकला शोधावी लागत नाहीत. सुटे भाग मात्र शोधावे लागतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत चौकशी करण्याची तयारी ठेवा आणि जुने भाग मोडीत देऊ नका.

ग्राहक म्हणून तुमच्या हातात काय आहे, तेही माहीत असू द्या:

- लेखी अंदाजपत्रक घ्या आणि ‘वाढीव कामाआधी परवानगी घ्यावी’ अशी ओळ त्यावर लिहून घ्या. काढलेले भाग परत मागा.
- बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- काम सदोष निघालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.
- दुसरी बाजूही लक्षात ठेवा. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० नुसार गॅरेजवाल्याला आहे. वाद असेल तर हरकत बिलावर लिहून पैसे द्या, गाडी ताब्यात घ्या आणि मग तक्रार करा.

‘हे सोडा, दुसरं इंजिन टाकू’ हा सल्ला मिळालाच, तर एक पायरी थांबा. इंजिन बदलाची नोंद आरसी बुकात व्हावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल चालत नाही. शिवाय जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयाला पोचल्या आहेत. नव्या व्हिंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, फेरनोंदणी ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

रोज वापरायची असेल तर साधी नोंदणी हवी. ती १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून वाढवावी लागते. कारसाठी शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये. पर्यावरण कर वेगळा. पेठ रोडच्या आरटीओत तपासणीला जाण्याआधी विमा आणि पीयूसी पूर्ण करा. नोंदणी संपलेली असताना चाचणीसाठी म्हणून स्वतः चालवत नेऊ नका, फ्लॅटबेडवर न्या. ब्रेकचे व्हील सिलिंडर इतक्या वर्षांत गळू लागलेले असतात, तेव्हा ते उघडून पाहिल्याशिवाय गाडी अंगणातही हलवू नये. कागद हाती आले की पहिल्या फेऱ्या गंगापूर रोडसारख्या सपाट रस्त्यावर, पाच-सहा किलोमीटरच्या. परत आल्यावर ऑइल आणि पाण्याची पातळी पाहा. शंभरेक किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदला. कसारा घाट त्यानंतर.